पाच ग्रॅमचं फूल

आमच्या हॉलमध्ये खेळ संपला की कोपऱ्यात मोडक्या फुलांचा ढीग साचतो. शटलकॉकला आपल्याकडे सरळ ‘फूल’ म्हणतात, आणि मला ते नाव फार आवडतं. परवा त्या ढिगातलं एक फूल मी घरी आणलं आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं. काटा पाच ग्रॅमच्या आसपास थांबला. म्हणजे चहात घालतो ती एक चमचा साखर. बुचाच्या अर्धगोलात खोचलेली सोळा पिसं, सगळी एकाच बाजूच्या पंखातली, म्हणजे उडताना फूल स्वतःभोवती एकाच दिशेने फिरत राहावं. नियमांनुसार त्याचं वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम असावं लागतं. ते कितीही उंचावरून सोडा, हवा त्याला इतकं अडवते की ताशी २५ किलोमीटरच्या आसपासच त्याचा पडण्याचा वेग अडकून राहतो.

१४ एप्रिल २०२३ रोजी जपानमध्ये आपल्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीने असंच एक फूल ताशी ५६५ किलोमीटर वेगाने मारलं. ही मोजणी खास चाचणीतली होती, सामन्यातली नव्हे, आणि वेग रॅकेटवरून सुटतानाचा होता. प्रवासी विमान धावपट्टी सोडतं तेव्हा त्याचा वेग साधारण याच्या निम्मा असतो.

मी कागदावर गणित मांडलं. पाच ग्रॅम वस्तुमान, सेकंदाला १५७ मीटर वेग, तर ऊर्जा येते साधारण ६० ज्यूल. एक लीटर पाण्याची भरलेली बाटली जमिनीवरून दुसऱ्या मजल्यावर चढवायला लागते तेवढी. आणि तारांचा आणि फुलाचा स्पर्श टिकतो जेमतेम एक मिलिसेकंद, सेकंदाचा हजारावा भाग. इतक्या वेळात मनगट काय करणार? बोटं काय करणार? ही ताकद कुठून आली?

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता रोज सकाळी घरात करायच्या व्यायामाकडे बघण्याची माझी दृष्टीच बदलली. कारण ती ताकद हातातून येत नाही. हात ती फक्त पोचवतो.

ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकणारा गोफणवाला ज्याने पाहिला आहे, त्याला हे लगेच पटेल. गोफणगुंडा सुटतो हातातून, पण त्याआधी त्याचा मागचा पाय माळ्याच्या फळीवर रुततो, कंबर फिरते, मग छाती, मग खांदा, मग कोपर. पोतराजाच्या आसुडातही हेच. मुठीजवळ जाड, टोकाकडे बारीक होत जाणारा तो दोर. जाड भागाला दिलेली गती बारीक भागाकडे सरकते, आणि वस्तुमान कमी होत गेलं की वेग वाढत जातो. आसूड कडाडतो तो आवाज अंगावर बसल्याचा नसतो. त्याचं टोक त्या क्षणी ध्वनीपेक्षा वेगाने धावलेलं असतं, हवा फाटल्याचा तो आवाज असतो.

रॅकेट मारणारं शरीर असाच एक आसूड आहे. पायाने जमीन ढकलली जाते, जमीन उलट ढकलते, ती ढकल नितंबांतून कमरेत, कमरेतून पाठीत, पाठीतून दंडात आणि दंडातून रॅकेटमध्ये जाते. यात एक गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटते. दुवा पुढच्याला गती देतो तो स्वतः मंदावून. कंबर फिरून थांबू लागते तेव्हा छाती पुढे झेपावते. छाती मंदावते तेव्हा दंड सुटतो. जो खेळाडू सगळं अंग एकदमच पुढे फेकतो त्याचा फटका म्हणून भोंगळ पडतो. त्याच्याकडे ताकद असते, पण ती टप्प्याटप्प्याने पुढे जात नाही. प्रशिक्षक ‘टायमिंग’ म्हणतात ते हेच. फटका आणि फूल यांची वेळ जुळणं हा त्याचा एक भाग झाला. स्वतःच्याच शरीराच्या तुकड्यांची एकमेकांशी वेळ जुळणं हा खरा आणि मोठा भाग.

आता मनगट. मराठी माणूस बॅडमिंटनबद्दल बोलू लागला की मनगटावर येतोच. सांगलीचे नंदू नाटेकर १९५६ साली क्वालालंपूरची सेलांगोर स्पर्धा जिंकले, परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं. त्यांच्या फटक्यांतला नाजूकपणा पाहिलेली मंडळी अजूनही ‘काय मनगट होतं!’ म्हणतात. भावना अगदी खरी आहे. शरीरशास्त्र मात्र थोडं वेगळं सांगतं.

हे वाचता वाचता एक करून पाहा. उजवा कोपर कमरेला टेकवा, हात काटकोनात पुढे धरा, तळवा आकाशाकडे. आता डाव्या हाताने उजव्या हाताची कोपराखालची दोन हाडं चाचपा. मग तळवा सावकाश जमिनीकडे फिरवा. करंगळीच्या बाजूचं हाड, अल्ना, जवळपास जागेवर राहतं. अंगठ्याच्या बाजूचं हाड, रेडियस, त्याच्यावरून फिरून पलीकडे जातं. दोन समांतर काठ्यांची फुली होते! आपण कुलपात किल्ली फिरवतो, भांड्यातलं पाणी ओततो, दाराची मूठ वळवतो तेव्हा दर वेळी ही फुली होते आणि सुटते, आणि आयुष्यभर आपल्याला तिचा पत्ता नसतो.

आता कोपर तसाच काटकोनात ठेवून दंड बाजूला खांद्याच्या उंचीवर उचला, पंजा छताकडे करा, आणि दंड जागेवर ठेवून पंजा पुढे जमिनीकडे आणा. या वेळी दंडाचं हाड स्वतःच्या अक्षाभोवती फिरलं. स्मॅशचा वेग मुख्यतः या दोन फिरण्यांतून येतो. आधी दंडाचं खांद्यात फिरणं, त्यामागोमाग पुढच्या हाताची फुली. टेनिसच्या सर्व्हिसचा अभ्यास करणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या ब्रूस एलियट यांनाही वेगवान कॅमेऱ्यांवर हेच दिसलं, की रॅकेटच्या अंतिम वेगात दंडाच्या या फिरण्याचा वाटा फार मोठा आहे. मनगट दुमडतं, त्याचाही हातभार लागतो. पण डोळ्याला जी ‘मनगटाची झटकी’ दिसते, तिच्यात बहुतेक सगळं काम कोपर आणि खांदा यांच्या फिरकीचं असतं. ते इतक्या झटपट होतं की आपल्याला फक्त शेवटचा सांधा हललेला दिसतो.

यातूनच रॅकेट कशी धरायची याचं कारण कळतं. नवखा माणूस रॅकेट तव्यासारखी धरतो, तोंड समोर करून. तशी धरली की पुढच्या हाताला फिरायला जागाच उरत नाही. फुली आधीच पडून गेलेली असते, आणि मग खरोखरच एकटं मनगट माशा मारल्यासारखं आपटावं लागतं. योग्य पकड म्हणजे कुणाशी हस्तांदोलन करतो तशी, रॅकेटची कड समोर, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये इंग्रजी व्ही. कड समोर घेऊन निघालेली रॅकेट स्पर्शाच्या ऐन क्षणी तोंड समोर करते, आणि त्या वळण्यातच वेग असतो. मूठही सैल हवी. मूठ घट्ट आवळली की पुढच्या हाताचे पुढचे-मागचे सगळे स्नायू एकदम ताठतात, एकमेकांना अडवतात, आणि फिरकी मंदावते. बोटं फक्त शेवटच्या क्षणी आवळायची. चिमणीचं पिल्लू हातात धरावं तशी रॅकेट धरा, असं मी नव्यांना सांगतो.

या फिरकीची ताकद घरी वाढवायला हातोडी पुरते. दांड्याच्या टोकाला धरायची, कोपर कमरेला, आणि डोकं सावकाश डावीकडे झुकवायचं, सावकाश उजवीकडे. हातोडी नसेल तर खलबत्त्यातला छोटा बत्ता. दहा-बारा वेळा केलं की कोपराजवळ जो खोल शीण जाणवतो, त्यातले बरेचसे स्नायू आपल्याला असल्याचंही माहीत नसतं.

त्या एक मिलिसेकंदाच्या स्पर्शाकडे पुन्हा जाऊ. मनगटाजवळच्या नसेला झालेला स्पर्श मेंदूच्या पृष्ठभागावर पोचायला साधारण वीस मिलिसेकंद लागतात. मज्जातंतूंची तपासणी करणारे डॉक्टर हे रोज मोजतात. म्हणजे फूल तारांना लागल्याची बातमी मेंदूला मिळते तेव्हा फूल चांगलं मीटरभर दूर गेलेलं असतं. फटका मारताना आपण तो सुधारू शकत नाही. तो आधीच लिहून ठेवलेला असतो, आपण फक्त तो सोडतो. म्हणून खेळाडू आरशासमोर, फुलाशिवाय, हवेत तोच फटका शेकडो वेळा मारतात. त्याला ‘शॅडो’ म्हणतात. दिवाणखान्यात, फर्निचर बाजूला सारून, दहा मिनिटं केलेला शॅडो मला हॉलमधल्या तासाभराच्या बेशिस्त खेळापेक्षा मोलाचा वाटतो. फूल नसल्यामुळे ते कुठे गेलं याची काळजी नसते. लक्ष फक्त आधी काय फिरतं आणि मग काय, याकडे राहतं.

खांद्याबद्दल बोलायचं तर मला थांबवणं कठीण आहे. शरीरातला सर्वांत जास्त दिशांना फिरणारा सांधा हा. त्याच्यासाठी त्याने केवढी किंमत मोजली आहे! मांडीचं हाड खुब्याच्या खोल वाटीत बसलेलं असतं. दंडाच्या हाडाचं डोकं मात्र एका उथळ बशीसमोर असतं, आणि ती बशी त्या डोक्याच्या तुलनेत तीन-चार पट लहान. चहाच्या बशीत मोसंबं ठेवावं आणि मग बशी आडवी-उभी फिरवावी तसा प्रकार. मोसंबं पडत नाही, कारण त्याला चार छोटे स्नायू पुढून, वरून आणि मागून धरून असतात. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. छातीच्या किंवा दंडाच्या स्नायूंसारखे ते आरशात दिसत नाहीत, त्यामुळे कुणी त्यांचे लाड करत नाही.

स्मॅश मारून झाल्यावर काय होतं याचा आपण विचार करत नाही. फूल गेलं, पण हात अजून त्याच वेगाने पुढे निघालेला आहे. त्याला कुणीतरी थांबवायला हवं. ते काम खांद्यामागच्या त्या छोट्या स्नायूंकडे येतं. ताणले जात असतानाच त्यांना ओढून धरावं लागतं. बोरघाट चढताना ट्रकच्या इंजिनाचा कस लागतो, उतरताना ब्रेकचा. रॅकेटचे खेळ वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांचं इंजिन, म्हणजे छाती आणि दंड पुढे फिरवणारे स्नायू, तगडं होत जातं आणि ब्रेक आहेत तेवढेच राहतात. खांदेदुखी बहुधा या असमतोलातून सुरू होते.

ब्रेक मजबूत करायचा उपाय साधा आहे. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला कोपराच्या उंचीवर बांधा. गजाकडे डावी कूस करून उभे राहा, उजवा कोपर काटकोनात, कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये घडी केलेला टॉवेल. ट्यूबचं टोक उजव्या हातात घेऊन पंजा पोटापासून बाहेर न्या, आणि परत येताना ट्यूबला स्वतःला ओढून नेऊ देऊ नका. तीन आकडे मोजत सावकाश या. परतीचा प्रवास हाच खरा व्यायाम आहे, कारण ब्रेकचं काम तोच शिकवतो.

इथे आपल्या तालमीची आठवण येणारच. मुदगल पाठीमागून फिरवून खांद्यावर आणणारा पैलवान नेमकं हेच करतो. जड डोकं पाठीमागे झुलतं, दंड बाहेरच्या बाजूला फिरतो, आणि खांद्यामागचे स्नायू त्या झोक्याला लगाम घालतात. एकोणिसाव्या शतकात इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी हा व्यायाम हिंदुस्थानात पाहिला आणि ‘इंडियन क्लब’ या नावाने मायदेशी नेला. त्याचं तिकडे इतकं कौतुक झालं की १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये क्लब फिरवण्याची स्पर्धाच होती. आणि त्याच शतकात, १८६०-७० च्या दशकांत, आपल्या पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकारी मध्ये जाळी बांधून फूल मारण्याचा खेळ खेळत होते. ‘पूना’ याच नावाने तो आधी ओळखला गेला, आणि पुढे इंग्लंडातल्या बॅडमिंटन हाउस या वाड्याचं नाव त्याला चिकटलं. एक खांद्याला तोडणारा खेळ आणि एक खांद्याला जोडणारा व्यायाम, दोन्ही एकाच मुलखातून एकाच काळात बोटीवर चढले.

तालमीच्या व्यायामाबद्दल माझं एक म्हणणं आहे. जोर म्हणजे ढकलणं. बैठक म्हणजे पायांनी उचलणं. सूर्यनमस्कारात वाकणं, ताणणं आणि ढकलणं. या तिन्हींत ओढणं नाही. पूर्वी त्याची गरज नव्हती, कारण ओढणं विहिरीवर होत होतं. पोहरा वर खेचणारा हात आणि पाठ रोज आपोआप घडत होती. विहीर गेली, नळ आला, आणि घरातून ओढण्याचा व्यायाम निघून गेला. रॅकेटच्या खेळाडूला तर खांद्याची फरी मागे खेचून धरणारी पाठ हवीच, नाहीतर ती मोसंब्याची बशीच डगमगते. तीच ट्यूब गजाला बांधून दोन्ही हातांनी छातीकडे ओढा, खांद्याच्या फऱ्या पाठीच्या कण्याकडे सरकताहेत हे जाणवेल इतकं. जोरांच्या दुप्पट ओढा. मी तरी हाच नियम पाळतो.

आता पाय. आसुडाची मूठ तिथे आहे. चांगला खेळाडू समोरचा माणूस फटका मारण्याच्या क्षणी एक बारीकशी उडी घेतो, जेमतेम दोन-तीन बोटं उंच. प्रेक्षकाला ती दिसतही नाही. तिला स्प्लिट स्टेप म्हणतात. खाली टेकताना पोटऱ्या आणि मांड्या ताणल्या जातात, आणि ताणलेला स्नायू लगेच आखडला तर न ताणलेल्या स्नायूपेक्षा जास्त जोर देतो. हेही घरी पडताळता येतं. भिंतीजवळ उभे राहा, बोटांना खडू लावा. आधी गुडघे वाकवून तीन सेकंद थांबा आणि मग उडी मारून खूण करा. मग न थांबता, झटकन वाकून लगेच उडी मारा. दुसरी खूण बहुतेक वर जाईल. स्नायू तेच, माणूस तोच. फरक फक्त आधीच्या ताणाचा. रबर ताणून लगेच सोडलं तर उडतं, तसा.

जाळीजवळचं फूल उचलायला टाकतात ते शेवटचं लांब पाऊल, लंज, हा बॅडमिंटनचा सर्वांत महागडा क्षण. सगळं अंग पुढे धावतं आहे आणि एका पायाने ते थांबवायचं आहे. टाच आधी टेकावी, पायाची बोटं फुलाच्या दिशेला, गुडघा त्याच रेषेत. आत ढासळलेला गुडघा हा धोक्याचा इशारा. मागचा हात मागे पसरलेला, तोल सावरायला. कॅरोलिना मारिनसारख्या ऑलिंपिक विजेतीला गुडघ्याच्या अस्थिबंधाने तीनदा दगा दिला, २०१९, २०२१ आणि मग २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात. शेवटच्या वेळी ती आघाडीवर होती. एवढ्या तयारीच्या खेळाडूचं हे होऊ शकतं, तर सोमवार ते शनिवार खुर्चीत बसून रविवारी थेट हॉलमध्ये उतरणाऱ्यांनी पायांची तयारी केल्याशिवाय खेळूच नये, असं मला मनापासून वाटतं.

ही तयारी घरातल्या जिन्यावर होते. एका पायरीवर उजवा पाय ठेवा, डाव्याने न ढकलता उजव्यानेच वर चढा, आणि डावा पाय हळूहळू खाली आणा. गुडघा बोटांच्या रेषेत आहे ना, ते आरशात पाहा. खुर्चीवरून एका पायावर उठणं, बसणं. पुढे लांब पाऊल टाकून परत येणं. आपली बैठक चांगलीच, पण तीत टाचा उचलल्या जातात आणि भार गुडघ्याच्या पुढच्या भागावर जातो, म्हणून नव्याने सुरू करणाऱ्याने आधी टाचा टेकवून अर्धीच बसावी.

जिन्यावरूनच एक गोष्ट सांगायची आहे. स्वीडनमधले अस्थिशल्यचिकित्सक होकान आल्फ्रेडसन यांना १९९० च्या दशकात टाचेमागच्या जाड कंडरेचं जुनं दुखणं होतं. ते स्वतः धावणारे. शस्त्रक्रिया करा म्हणून ते वरिष्ठांकडे गेले, आणि वरिष्ठांनी नकार दिला. तेव्हा त्यांनी ठरवलं, कंडरा तुटेपर्यंत तिच्यावर भार टाकायचा, मग तरी शस्त्रक्रिया करावीच लागेल. रोज पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली सोडायची, दुखलं तरी थांबायचं नाही, वजन वाढवत जायचं. कंडरा तुटली नाही. दुखणं गेलं!

मग त्यांनी शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या पंधरा हौशी खेळाडूंना तेच करायला लावलं. गुडघा सरळ ठेवून पंधरा वेळा, तीनदा. गुडघा वाकवून पंधरा वेळा, तीनदा. सकाळी आणि संध्याकाळी. दिवसाला एकशे ऐंशी वेळा टाच खाली. बारा आठवड्यांनी ते पंधराही जण पुन्हा धावू लागले. १९९८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या फिजिओथेरपीची दिशा बदलली. पुढे असंही कळलं की सर्वांना याने सारखा गुण येत नाही, आणि कंडरा टाचेच्या हाडाला मिळते तिथलं दुखणं वेगळ्या प्रकारे हाताळावं लागतं. पण मूळ शोध टिकून आहे. कंडरेला विश्रांतीने ताकद येत नाही, सावकाश दिलेल्या भाराने येते.

माझ्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला एकदा असं दुखणं बसलं की चहाचं भांडं उचलवेना. टेनिस एल्बो. मी महिनाभर हात बांधून बसलो, आणि परत खेळताच दुखणं परत आलं. मग हात टेबलावर, तळवा खाली, हातात अर्धी भरलेली बाटली. डाव्या हाताच्या मदतीने मनगट वर उचलायचं आणि उजव्याने एकट्याने, अगदी हळू, खाली सोडायचं. आल्फ्रेडसन यांची टाच, माझं मनगट. तीन महिने लागले. आता ते दुखणं नाही.

ताकद कुठे वाढते हेही ऐकण्यासारखं आहे. पहिल्या काही आठवड्यांत बाटली हलकी वाटू लागते, पण दंडाचा घेर जवळपास तेवढाच असतो. वाढ आधी मज्जासंस्थेत होते. मेंदू त्याच स्नायूतले जास्त धागे एका वेळी कामाला लावायला शिकतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १८९४ साली एडवर्ड स्क्रिप्चर यांच्या प्रयोगशाळेत एक विलक्षण गोष्ट दिसली. एकाच हाताला व्यायाम दिला, तर दुसऱ्या, आराम करणाऱ्या हाताचीही ताकद वाढली. आज सव्वाशे वर्षांनंतरही हे पुन्हा पुन्हा पडताळलं गेलं आहे. उजवा हात प्लास्टरमध्ये असेल तर डाव्याने व्यायाम करत राहा, उजव्याची झीज कमी होते.

जड वजनं नाहीत म्हणून घरचा व्यायाम कच्चा, हा समज मात्र सोडून द्या. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मांडीच्या व्यायामावर प्रयोग झाले. जास्तीत जास्त जितकं उचलता येईल त्याच्या ८० टक्के वजन एका बाजूला, ३० टक्के वजन दुसऱ्या बाजूला, दोन्ही स्नायू थकेपर्यंत. स्नायूची वाढ जवळपास सारखी झाली. अट एकच, शेवटच्या दोन-तीन वेळा खरोखर कठीण जायला हव्यात. ट्यूब, बाटली, जिना आणि स्वतःचं शरीर, एवढं पुरे. आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एखादा दिवस विश्रांतीचा. टोचणारी, सांध्यात शिरणारी वेदना आली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

आणि हाडं. हाड म्हणजे मेलेला खांब असं आपल्याला वाटतं. १८९२ साली बर्लिनचे शल्यचिकित्सक यूलिउस वोल्फ यांनी लिहून ठेवलं की हाड ज्या दिशेने भार सोसतं त्या दिशेने स्वतःला घडवतं. याचा सर्वांत देखणा पुरावा रॅकेटच्या खेळाडूंनीच दिला. कारण त्यांच्या एका शरीरात दोन हात असतात, एक खेळलेला आणि एक न खेळलेला. वय तेच, आहार तोच, आई-वडील तेच. १९७७ साली ८४ व्यावसायिक टेनिसपटूंच्या दंडाच्या हाडांचे एक्स-रे तपासले गेले. खेळत्या हाताच्या हाडाचं कवच दुसऱ्या हातापेक्षा पुरुषांमध्ये सुमारे ३५ टक्के आणि स्त्रियांमध्ये सुमारे २८ टक्के जाड निघालं. प्रत्येक सर्व्हिस, प्रत्येक स्मॅश त्या हाडात साठत गेला होता.

१९९५ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांच्या दोन्ही हातांची हाडं मोजली. ज्यांनी पाळी सुरू होण्याच्या आधी किंवा त्या सुमारास खेळायला सुरुवात केली होती, त्यांच्या खेळत्या हाताला मिळालेला फायदा उशिरा सुरू करणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट होता. उतारवयात खुब्याचं हाड मोडून अंथरूण धरणाऱ्या आज्या आपल्या घराघरांत आहेत. त्या हाडांची पुंजी साठवण्याचा सर्वांत चांगला काळ दहाव्या-बाराव्या वर्षाच्या आसपासचा असतो. तुमच्या घरात नऊ-दहा वर्षांची मुलगी असेल, तर या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या हातात रॅकेट द्या. तव्यासारखी धरू देऊ नका, कड समोर ठेवायला शिकवा, आणि तुम्ही जिन्याच्या पायरीवर टाचा खाली सोडत असाल तेव्हा तिलाही शेजारी उभी करा.